अविधवा नवमीचं पान

अलिबागेत पाऊल टाकलं त्याच दिवशी दिनानाथ मास्तरानं आपल्या जिवंत आईला मारून टाकलं. आई तेव्हा पेणखाली, खाडीकाठच्या खारकोंडात चांगली ठणठणीत होती. पावसाच्या आत मिठाच्या राशींवर गवत चढवायची घाई होती आणि तिला मरायलाच काय, बसायलाही सवड नव्हती. पण इकडे नीराबाईंनी ओटीवरून सहज विचारलं, "मास्तर, घरी कोण कोण असतं?" आणि तो म्हणाला, "वडील नागपूरकडे नोकरीला. आई मी लहान असतानाच गेली."

वडील लांब आहेत हे एका अर्थी खरंच होतं. फक्त ते नागपूरच्या बरेच पुढे, समुद्रापलीकडे होते. बापाला असं लांब पाठवता येतं. आई लांब राहत नाही. आज ना उद्या डोक्यावर बोचकं घेऊन दारात उभी राहते. तेव्हा तिला मारणंच सोयीचं होतं. सोय म्हणून माणूस काय काय करतो आणि मागाहून त्यालाच नशीब म्हणतो.

चूक मुळात नीराबाईंची होती. कोकणात गोरा रंग आणि घारे डोळे दिसले की कुणी जात विचारत नाही. ती तोंडावरच लिहिलेली आहे असं सगळे धरून चालतात. नीराबाई विधवा, सोवळ्याओवळ्याच्या कडक. घरात एकट्या, म्हणून शाळेतल्या एखाद्या मास्तराला खोली देऊन जेवायला घालत. नव्या मास्तराचे डोळे पाहून त्या म्हणाल्या, "आमच्यातलेच दिसता," आणि सरळ स्वयंपाकघरात पाट मांडला. दिनानाथनं 'नाही' म्हणायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात समोरच्या पानावर वाफाळता भात पडला. तोंड उघडं होतंच, त्यात त्यानं घास घातला.

दुसऱ्या दिवशी त्यानं बाजारातून जानवं विकत आणलं. एका पोथीतून कौशिक गोत्र निवडलं आणि परीक्षेला बसायचं असल्यासारखं पाठ केलं. आडनाव खारकर, पेणच्या शाळेत गावावरून लावलेलं. ते कुठंही खपत होतं. एका खोट्याला दहा खोटी जोडावी लागतात म्हणतात. त्याला फार जोडावी लागली नाहीत, कारण बाकीची त्याचा चेहराच बोलत होता.

आणि गंमत अशी की ज्या कातडीनं अलिबागेत त्याला पाट मिळाला, तिनंच खारकोंडात त्याचा जीव नकोसा करून सोडला होता. त्याची आई सोनूबाई आगरी, काळीसावळी, उंच. मीठ ओढून ओढून तिचे हात राठ झालेले, पायाला बोट जाईल अशा भेगा. बांधावरच्या बंगल्यात मीठखात्याचा एक गोरा साहेब राहायला आला, तेव्हा ती तिथं पाणी भरायला जायची. साहेब दोन हंगाम राहिला आणि बदली होऊन गेला. जाताना तो तिच्याशी काही बोलला की नाही, हे सोनूबाईनं कधी कुणाला सांगितलं नाही. पोर झालं ते दुधासारखं गोरं. भाऊ धर्माजीनं तिला घराबाहेर काढलं नाही, एवढंच काय ते नशीब. लग्नाच्या पंगतीत मात्र मायलेकरांचं पान सगळ्यात शेवटी, उकिरड्याच्या बाजूला असायचं.

पोरं त्याला 'गोऱ्याचा' म्हणत, 'मांजऱ्या' म्हणत. आयनं त्यावर आपल्या परीनं उपाय काढला. ती त्याला उन्हात बसवायची आणि मिठाच्या कोंडीतला काळा चिखल अंगभर फासायची. चार पोरांसारखा काळा होईल तर बरं, एवढंच तिच्या मनात. तो काळा होत नसे. लाल व्हायचा, कातडी सोलवटायची आणि खालून पुन्हा तोच गोरा निघायचा. मग आय खोबरेल लावत म्हणायची, "राऊ दे रं. मिठासारका हायेस. चिखलान र्‍हवून बी धवला." त्याला त्या बोलण्याचा राग यायचा. मीठ व्हायचं नव्हतं त्याला, चिखलच व्हायचं होतं.

एकूण काय, खारात जी लाज होती, तेच अलिबागेत भांडवल झालं. सुट्टीत तो गावी जाऊन यायचा, पण नीराबाईंना सांगायचा, मित्राकडे चाललो. वाटेत धरमतरच्या खाडीवर पोचायच्या आधी जानवं काढून खिशात घालायचा. येताना परत घालायचा.

पुढच्या चैत्रात आय स्वतःच आली.

रविवारची दुपार होती. दिनानाथ स्वयंपाकघरात पाटावर उघड्या अंगानं जेवायला बसला होता. ओटीकडून हाक आली, "मास्तर हायेत का?" आवाज ऐकूनच त्यानं उचललेला घास परत पानात ठेवला. नीराबाई बाहेर गेल्या आणि दार सताड उघडं राहिलं. अंगणात आय उभी होती. नवं लुगडं, कपाळाला ठसठशीत कुंकू, डोक्यावर पळसाच्या पानांनी झाकलेली पाटी. तिनं दारातून आत पाहिलं. पोराचं उघडं अंग पाहिलं, अंगावरचं जानवं पाहिलं. ओठांवर 'दिन्या' आलेलं त्याला इथून दिसलं.

तो घाईनं म्हणाला, "नीराबाई, आमच्या खारकोंडाकडची मिठागरवाली आहे ती. मीठ घेऊन आली असेल."

आय क्षणभर तशीच राहिली. मग ओठ मिटले आणि ती नीराबाईंकडे वळली. "व्हय. मीठ आनलंय. मास्तरांच्या घरासाठी. तुमी घ्याल ना?"

त्या दिवसांत मिठागरवालीकडे लोक जरा कौतुकानं बघत. तीस सालच्या धामधुमीत भले भले वकील समुद्रावर जाऊन चिमूटभर मीठ उचलून आले होते आणि त्यांच्या गळ्यात हार पडले होते. सोनूबाईनं जन्मभर पाट्याच्या पाट्या उचलल्या, तिला हार कोण घालणार? पण नीराबाई मनानं वाईट नव्हत्या. उन्हातून आलेल्या बाईला उपाशी परत पाठवणं त्यांना रुचेना. त्यांनी तिला मागच्या दाराच्या पायरीखाली बसवलं, पानावर भात-वरण वरून वाढलं. तिनं पाणी मागितलं तेव्हा पायरीवर उभं राहून तांब्या वर धरला आणि तिच्या ओंजळीत धार सोडली. आय वाकून प्यायली, थोडं पाणी कोपरावरून ओघळलं. दिनानाथ आतल्या खिडकीच्या फटीतून हे बघत होता. बघवत नव्हतं आणि जागचं हलवतही नव्हतं.

नीराबाई उंबऱ्यात बसून तिच्याशी बराच वेळ काहीबाही बोलत होत्या. शब्द ऐकू येत नव्हते. एकदा आयचा हात घास घेता घेता थांबलेला दिसला. आणि मग एकदा ती हसलीही. तिला जेवण गोड लागलं असेल, असं त्यानं मनाला समजावलं. जेवण झाल्यावर तिनं शेण मागितलं. नीराबाईंनी शेणाचा गोळा वरूनच सोडला, तो तिनं ओंजळीत झेलला, हसून मोठ्यानं "देव तुमचं भलं करो" म्हणाली आणि बसली होती ती जागा आपल्या हातानं सारवून टाकली. मग रिकामी पाटी डोक्यावर घेऊन निघाली.

तो तिला वेशीपर्यंत पोचवायलाही गेला नाही. मिठागरवालीला कोण पोचवतं? संध्याकाळी खोलीचं दार लावून त्यानं चार ओळी लिहिल्या. आयच्याच बोलीच्या वळणाच्या होत्या त्या. वाचून त्याचा त्यालाच चटका बसला. नीराबाईंच्या हाती लागल्या तर, या भीतीनं त्यानं कागद दिव्यावर धरला. खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात. तो मिठाला नाही, आणि ज्या हातांनी ते ओढलं त्या हातांनाही जागला नाही.

श्रावणात मामा आला. भर पावसात इरलं पांघरून शाळेच्या फाटकाशी उभा होता. दिनानाथ बाहेर गेला. धर्माजीनं आढेवेढे घेतले नाहीत.

"सोनी गेली रं. ताप आला आनि तापानच गेली. तेरावा बी झाला."

"मला का नाही बोलावलं?"

"तीच बोलली, दिन्याला बोलवू नका, त्याच्या घरान अडचन व्हईल. कंची अडचन, त्या नाय सांगलं. तुना ठाव असंल." मामानं त्याच्या तेल लावून नीट बसवलेल्या केसांकडे पाहिलं. "केस तरी काढशील ना?"

"बघतो," दिनानाथ म्हणाला.

काय बघणार होता? डोकं भादरून घरी गेला असता तर नीराबाईंनी विचारलं असतं, कोण गेलं? आणि आई तर कधीच गेलेली. माणूस दोनदा कसा मरेल? त्या रात्री तो रोजच्यासारखा पाटावर बसला. जेवला. नीराबाई म्हणाल्या, "आज जरा गप्प दिसता," तेव्हा म्हणाला, "पोरांच्या वह्या तपासायच्यात." खोलीत गेल्यावर उशी तोंडावर दाबून रडला, कारण भिंत पातळ होती. आईसाठी धड रडताही येऊ नये, अशी व्यवस्था त्यानं स्वतःच करून ठेवली होती.

सुतक पाळता आलं नाही, म्हणून त्यानं कविता लिहिली. आता मेलेल्या आईवर कविता लिहायला काहीच हरकत नव्हती, उलट ती शोभून दिसणार होती. गणपतीच्या दिवसांत वाचनालयात कार्यक्रम होता. मास्तर कविता करतात हे गावाला ठाऊक होतं. त्यांनी बोलावलं आणि तो गेला.

"वृंदावनीं लावी दिवा, नथ नाकीं झळके जिच्या,
मळवट भरुनी गेली आई, वाटा सुन्या अंगणिच्या."

अशी ती कविता होती, चांगली लांबलचक. तिच्यात तुळस होती, समई होती, नथ होती, भरल्या कपाळानं गेलेली सवाष्ण होती. आय तेवढी नव्हती. पण लोकांना काय त्याचं? बायकांच्या बाजूला पदर डोळ्यांना लागले. अध्यक्षस्थानी बसलेले म्हातारे वकील खाकरत खाकरत म्हणाले, "मास्तर, आमची आई आठवली हो." टाळ्या झाल्या. दिनानाथनं हात जोडले. बोलीचं, रंगाचं, कुळाचं खोटं त्यानं निभावलं होतं. पण आजवर कवितेत तो खोटं बोलला नव्हता. तेवढी एक जागा स्वच्छ उरली होती, तीही आज त्यानं टाळ्यांसाठी विकली.

वाटेत नीराबाई त्याच्या मागून येत होत्या. डोळे पुसत म्हणाल्या, "मास्तर, माउली सवाष्ण गेली आणि तुम्ही अविधवा नवमी करत नाही?"

पितृपक्षातल्या नवमीला नवऱ्याआधी गेलेल्या बाईचं श्राद्ध करायचं, तिच्या नावानं सवाष्ण जेवू घालायची, अशी ती रीत. दिनानाथला ती ऐकून ठाऊक होती.

"परक्या गावात कुठं जमतंय," तो म्हणाला.

"परकं कसलं? मी करते सगळं. भटजींना सांगते. तुम्ही नुसते पाटावर बसा."

पाटावर बसणं हेच तर त्याला जमायचं. त्यानं मान हलवली.

नवमीला नीराबाई पहाटेपासून राबल्या. खीर झाली, वडे झाले, अळूची भाजी झाली, आमसुलाची चटणी वाटली. शेजारची एक सवाष्ण हिरवं लुगडं नेसून आली. भटजी दर्भ, तीळ मांडून बसले. दिनानाथ ओल्या अंगानं त्यांच्यासमोर. आता आई, आजी, कोणाचीही नावं घ्यायची आणि उठायचं, असं त्यानं ठरवलं होतं. आईचं नाव सरस्वती, हे तर आंघोळ करतानाच पक्कं केलं होतं.

नीराबाईंनी पान मांडलं. डाव्या कोपऱ्यात मीठ वाढायला त्यांनी फडताळातली चिनीमातीची बरणी काढली.

"हे तुमच्या त्या मिठागरवालीचं," त्या म्हणाल्या. "किती पांढरं आहे बघा. सणासुदीलाच काढते मी. ती परत आलीच नाही हो. आज आली असती तर खण दिला असता तिला. तुमच्या आईचं तिनंच तर सांगितलं मला."

दिनानाथनं मान वर केली. "काय सांगितलं?"

"अहो, मी सहज विचारलं, बाई, तू त्याच गावची, मास्तरांची आई पाहिली होतीस का? लहानपणीच गेली म्हणतात. तर ती घास हातात धरून माझ्याकडे बघतच राहिली. 'गेली?' म्हणाली. म्हटलं, अगं, मास्तरांनीच सांगितलं. मग म्हणाली, व्हय, गेली, लय वर्सं झाली. गोरीपान होती, नाकान नथ होती, तुलशीला पानी घातल्याबिगर तोंडान पानी घेत नसं. मलवट भरून गेली, नशीबवान बाई." नीराबाईंनी मिठाची चिमूट पानावर ठेवली. "आणि हसून म्हणाली, त्यांचा पोर बी तसाच हाय, आयवर गेलाय. तुमची कविता ऐकली तेव्हा मला तेच आठवलं. किती तंतोतंत उतरलंय. धड आठवतही नसेल तुम्हाला, तरी आईचं काळजात असतंच की."

म्हणजे तिला कळलं होतं. मिठागरवाली म्हटल्याचं दुःख तिला झालं असेल, एवढंच तो आजवर समजत होता. त्या पायरीखाली, हातात घास असताना, परक्या बाईच्या तोंडून तिला कळलं की पोरानं आपल्याला मारून टाकलंय. आणि तिनं ते मान्य केलं. नुसतं मान्य केलं नाही, तर त्या मेलेल्या बाईला नथ घातली, तुळशीला पाणी घालायला लावलं, मळवट भरला. पोराचं खोटं उघडं पडू नये म्हणून आपल्या मढ्यावर आपल्याच हातानं साज चढवला. आणि वर हसली. मामा म्हणत होता ती अडचण हीच. मरतानाही तिला आठवण होती की आपण आधीच मेलेलो आहोत, आपल्याला परत मरून चालायचं नाही.

कविता आपण लिहिली असं तो समजत होता. ती तिनं आधीच रचून ठेवली होती, आणि टाळ्यांसाठी नाही. धरणी पोटात घेईल तर बरं असं माणूस उगाच म्हणतो. पाटाखालची जमीन अगदी घट्ट होती, शेणानं गुळगुळीत सारवलेली.

"चला, उशीर होतोय," भटजी म्हणाले. "अपसव्य करा. गोत्र?"

"कौशिक," तोंडातून सवयीनं निघून गेलं.

"मातेचं नाव सांगा. मग वडिलांची आई आणि आजी. तिघींची नावं लागतील."

वडिलांची आई. कुठंतरी थंड मुलखात, टोपी घालून चर्चमध्ये जाणारी कुणी मडम असेल, नाहीतर मेलीही असेल. इथं अलिबागेत तिळाच्या पाण्यानं तिला कौशिक गोत्रात कोण ओढणार होतं? दिनानाथला हसू आल्यासारखं झालं आणि त्याचाच हुंदका झाला. जानवं उजव्या खांद्यावर घ्यायला उचललेला हात तसाच राहिला.

"आईचं नाव सोनूबाई," तो म्हणाला.

"घरातलं नको. लग्नातलं सांगा."

"लग्न झालं नव्हतं."

भटजींनी पळी खाली ठेवली. सवाष्णीनं नीराबाईंकडे पाहिलं. दिनानाथ खाली बघूनच बोलत होता, पण बोलत होता.

"माझं गोत्र कौशिक नाही. मला गोत्र नाही. बाप मीठखात्याचा साहेब होता, त्याचं नावही मला ठाऊक नाही. ती मीठ घेऊन आली होती ना, ती माझी आय. तेव्हा जिवंत होती. श्रावणात गेली." त्यानं जानवं डोक्यावरून काढलं आणि ताम्हनात ठेवलं. कुठं ठेवायचं असतं, तेही त्याला माहीत नव्हतं.

भटजी तडक उठले. दर्भ, तीळ गोळा केले, पिशवी उचलली, ओटीवरून खाली उतरताना "परत आंघोळ आली" एवढं मात्र ऐकू आलं. सवाष्ण लुगडं आवरून भिंतीकडेनं निघून गेली. स्वयंपाकघरात खिरीचा वास भरून राहिला होता आणि पानावर मीठ वाढलेलं तसंच होतं.

नीराबाई बरणी हातात धरून उभ्या होत्या. आजवर अहोजाहो करणाऱ्या बाईंनी पहिल्यांदाच त्याला 'तू' म्हटलं.

"मी तिला वरून पाणी घातलं. तू इथं होतास?"

"खिडकीशी."

"बघत होतास?"

"हो."

त्यांनी बरणी खाली ठेवली. रागावल्या असत्या, शिव्या दिल्या असत्या तर त्याला हलकं वाटलं असतं. वर्षभर आपल्या चुलीपाशी कोण जेवत होतं, याचा हिशेब त्यांच्या तोंडावर दिसत होता. पण त्याच्याही खाली दुसरं काहीतरी होतं आणि ते त्यांना लपवता येत नव्हतं.

"उद्या सकाळी सामान ने," शेवटी त्या म्हणाल्या. "आज नको. आज कुणाला उपाशी घालवू नये. हे पान तिच्या नावानं वाढलंय. आता आत ते कुणी खायचं नाही."

त्यानं पान उचललं आणि मागच्या दारानं बाहेर गेला. पायरीखाली, आय बसली होती तिथं, मांडी घालून बसला. नीराबाई उंबऱ्याच्या आत येऊन उभ्या राहिल्या.

"कवितेतली ती कोण मग?"

"कुणी नाही."

"आणि हिच्यावर काही लिहिलं नाहीस?"

कागद जळला होता, ओळी जळल्या नव्हत्या. वाचनालयात म्हटलं तसा गळा काढून नाही, तर खारातली बाई काम करताना पुटपुटते तसं तो म्हणाला,

"आयेच्या पायाला मिठाच्या ग भेगा
माझ्या गोऱ्या अंगा लाज त्यांची."

पुढच्या दोन ओळी त्यानं मनातच म्हटल्या. वाचनालयात डोळे पुसणाऱ्या नीराबाई या वेळी रडल्या नाहीत. त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि तोंड वळवलं. त्यांनाही त्या भेगा आठवल्या असाव्यात. त्या दिवशी पायरीखाली त्यांनी त्या पाहिल्या होत्या आणि पाय धुवायला पाणीसुद्धा दिलं नव्हतं.

दिनानाथनं पानातलं मीठ भातावर कालवलं. "आय, जेव," असं त्यानं आधी म्हटलं. अलिबागेत त्या घराच्या आवारात हा शब्द त्यानं पहिल्यांदाच मोठ्यानं उच्चारला. उत्तर कोण देणार? मग तोच जेवला. गिळवत नव्हतं, तरी शीत ठेवलं नाही.

जेवण झाल्यावर त्यानं पान गुंडाळलं आणि शेण मागितलं.

नीराबाई आतून शेणाचा गोळा घेऊन आल्या. पायरीवर थांबल्या. हात खाली न्यायचा की नाही, हे क्षणभर त्यांचं त्यांनाच ठरेना. हात थोडा खाली आला, अडखळला, आणि मग जन्मभराच्या सवयीनं तो गोळा वरूनच सुटला. दिनानाथनं ओंजळ पुढे केली होती. आय अशीच वाकली होती. गोळा ओंजळीत पडल्यावर ती हसून 'देव तुमचं भलं करो' म्हणाली होती. त्याला हसायला जमलं नाही. तो खाली बसला आणि आपली जागा सारवू लागला.